करणारे आणि करवणारे : अकबराच्या चित्रशाळेतली कामाची वाटणी

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात व्याकरणापासून करू. आमचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, त्यामुळे ही खोड तुम्ही चालवून घ्याल. मराठीत ‘करणे’ आहे तसं ‘करवणे’ही आहे. या ‘करवण्या’चा पाणिनीने मोठा बारीक विचार केला आहे. जो स्वतंत्रपणे क्रिया करतो तो कर्ता. पण त्याला त्या क्रियेला लावणारा जो असतो, त्यालाही पाणिनी कर्ताच म्हणतो, आणि वर ‘हेतू’ ही आणखी एक संज्ञा देतो. देवदत्त यज्ञदत्ताकडून भात शिजवून घेतो. आता भात कोणी शिजवला? दोघांनी. करवणारा आला म्हणून करणाऱ्याचं कर्तेपण नाहीसं होत नाही. संस्कृतात तो फक्त प्रथमेतून तृतीयेत जातो.

हा प्रश्न भातापुरता असता तर सोपा होता. पण चित्राचं काय? कविता एकट्याने लिहायची, चित्र एकट्याने काढायचं, अशी आपली समजूत असते. म्हणून आज आपण अशा एका ठिकाणी जाणार आहोत, जिथे एकेक चित्र दोघातिघांनी मिळून काढलं आणि कोणी काय काढलं याची लेखी नोंदही ठेवली. ते ठिकाण म्हणजे अकबर बादशहाचा तस्वीरखाना.

हुमायूनने इराणातून दोन मोठे चित्रकार आणले होते, मीर सय्यद अली आणि ख्वाजा अब्दुस्समद. अकबर गादीवर आल्यावर, १५६२ च्या सुमारास, ‘हमझानामा’चं काम सुरू झालं. पैगंबरांचे चुलते अमीर हमझा यांच्या साहसकथांचा हा ग्रंथ. त्यासाठी चित्रं किती? सुमारे १४००. तीही वहीच्या पानाएवढी नव्हेत. सुती कापडावर काढलेली, जवळजवळ ७० सेंटिमीटर उंच आणि ५० हून थोडी जास्त रुंद. कथेचा मजकूर मागच्या बाजूला. हे काम चाललं सुमारे १५ वर्षं. आज यातली २०० देखील उरलेली नाहीत, पण जी आहेत ती पाहिली की डोळे दिपतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सुरुवातीला प्रमुख होते मीर सय्यद अली. हात विलक्षण नाजूक, इराणी परंपरेतला अस्सल उस्ताद. त्यांच्या देखरेखीखाली सात वर्षांत चारच खंड पुरे झाले, असं समकालीन नोंद सांगते. मग ते हजला गेले आणि सूत्रं अब्दुस्समदकडे आली. उरलेलं बरंच मोठं काम जवळपास तेवढ्याच काळात संपलं! माणसं बहुतेक तीच, रंग तेच, कापड तेच. आमचा अंदाज असा, की मीर सय्यद अलींना ‘करणं’ येत होतं, अब्दुस्समदना ‘करवणं’. पुढे याच चित्रकाराला अकबराने फत्तेपूरच्या टांकसाळीचा प्रमुख नेमलं आणि नंतर मुलतानचा दिवाणही केलं. खसखशीच्या दाण्यावर कुराणातला अख्खा सूरा लिहिणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती होती. तो माणूस नाण्यांचा कारभार बघतो, बरं का.

आता प्रत्यक्ष वाटणी कशी होती ते पाहू. कागद घोटून गुळगुळीत करणारे वेगळे, समास आखणारे वेगळे. सुलेखनकार मजकूर लिहून चित्रासाठी जागा मोकळी सोडायचा. शिकाऊ पोरं रंग वाटायची. सोन्याचं काम करणारे आणि शेवटी बांधणी करणारे निराळेच. खुद्द चित्राचे तीन भाग : ‘तरह’ म्हणजे मांडणीचं रेखाटन, ‘अमल’ म्हणजे रंगकाम, आणि ‘चेहरानामी’ म्हणजे ओळखू येतील असे चेहरे काढणं. तऱ्हा, अंमल, चेहरा हे तिन्ही शब्द आज आपल्या बोलण्यात आहेत, फारसीतून आलेले.

रेखाटन उस्तादाकडे आणि रंग धाकट्याकडे, ही नेहमीची पद्धत. चेहऱ्यांचं काम मात्र सगळ्याच चित्रांत वेगळं काढलेलं नसे. दरबारचे खरेखुरे उमराव चित्रात असले आणि ते ओळखू यायला हवे असले, की त्या कामातला निष्णात माणूस बोलवायचा. म्हणजे वाटणी सरसकट नव्हती, चित्राची गरज पाहून ठरत होती. हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

एक उदाहरण घेऊ. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ‘अकबरनामा’ची एक प्रत आहे, ११६ चित्रांची, १८९६ साली विकत घेतलेली. त्यात समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं एक चित्र आहे. १५६१ सालची आग्र्यातली घटना. तरुण अकबर ‘हवाई’ नावाच्या माजलेल्या हत्तीवर बसून दुसऱ्या हत्तीचा पाठलाग करतोय, दोन्ही हत्ती यमुनेवरच्या नावांच्या पुलावर आलेत, पूल मोडतोय, माणसं पाण्यात पडताहेत. या चित्राची तरह बसावनची आहे आणि अमल चेतर नावाच्या चित्रकाराचा. हत्तीच्या अंगातला वेग बसावनच्या रेषेचा, हे कोणीही मान्य करील. पण पाणी आहे ते चेतरचं. आता हे चित्र कोणाचं?

आपल्याला हा प्रश्न विचारता तरी येतो, तो एका कारकुनामुळे. चित्राच्या खालच्या समासात लाल शाईने नोंद केलेली असते : तरह अमक्याची, अमल तमक्याचा. हे बहुधा ग्रंथालयाच्या कारकुनाचं अक्षर. चित्रकाराची स्वतःची सही नव्हे. नोंद कशासाठी? ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजल सांगतो, की दर आठवड्याला दारोगे आणि कारकून सगळ्यांचं काम बादशहापुढे ठेवत आणि कामाच्या दर्जाप्रमाणे इनाम मिळे किंवा पगार वाढे. रंग वगैरे सामानाच्या किमतीही नीट तपासून ठरवल्या होत्या. म्हणजे मुळात हा हिशेबाचा मामला. कलावंताचा मान राखावा असा उदात्त हेतू त्यामागे शोधू नये. पण हिशेबासाठी लिहिलेल्या त्या लाल अक्षरांमुळेच चेतर आज आपल्याला माहीत आहे. आमच्याकडे समितीच्या अहवालावर अध्यक्षांचं नाव येतं. मसुदा कोणी लिहिला हे फक्त शिपायाला माहीत असतं!

या वाटणीची दुसरी बाजूही पाहू. दसवंत हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा मुलगा. भिंतींवर चित्रं काढत असे. अकबराची नजर पडली, त्याने त्याला अब्दुस्समदच्या हाताखाली दिलं आणि थोड्याच काळात तो सगळ्यांच्या पुढे गेला. महाभारताचं फारसी भाषांतर ‘रज्मनामा’, त्याच्या जयपूरच्या प्रतीत १६९ पूर्ण पानी चित्रं आहेत. त्यांतल्या सुमारे ३० चित्रांची तरह दसवंतची. रंग भरले दुसऱ्यांनी. १५८४ साली मनाचा तोल गेलेल्या दसवंतने आत्महत्या केली. आपली रेषा दुसऱ्याच्या रंगाखाली जाताना त्याला काय वाटत असेल? त्या वाटणीचा आणि त्या वेडाचा संबंध जोडायला काही आधार नाही, आणि आम्ही तो जोडणार नाही. पण एवढं खरं, की या माणसाची प्रतिभा पाहायची तर आज आपल्याला इतरांच्या रंगांमधून वाकून पाहावं लागतं. आणि हेही खरं, की वाटणी नसती तर त्याच्या हातून एवढी चित्रं उभी राहिली नसती.

‘रज्मनामा’च्या मजकुराचीही अशीच वाटणी झाली. १५८२ साली अकबराने भाषांतराचा हुकूम दिला. पंडितांनी अर्थ सांगायचा आणि नकीब खान, मुल्ला शेरी, सुलतान हाजी थानेसरी, बदायुनी यांनी तो फारसीत उतरवायचा. बदायुनीला हे काम मनातून अजिबात नको होतं. कट्टर माणूस, काफिरांच्या कथा लिहाव्या लागतात म्हणून जळफळत होता. त्याने ते सगळं आपल्या इतिहासात लिहून ठेवलं आहे. चांगली फारसी करण्यासाठी फैजीकडे मजकूर दिला, तर त्याने दोनच पर्वं पुरी केली. रंगाचं काम वाटता येतं, आस्था वाटता येत नाही. पुढे आपल्या पुण्यात, भांडारकर संस्थेत त्याच महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली, १९१९ ते १९६६. तिथेही एकेक पर्व वेगवेगळ्या संपादकांकडे होतं. पण तिथे प्रत्येकाने ते काम आपण होऊन पत्करलं होतं, आणि पाठ कसे नोंदवायचे याची शिस्त सुकथनकरांनी आधीच घालून दिली होती.

जहांगीर आला आणि सगळं पालटलं. त्याने चित्रशाळा लहान केली. एका चित्रकाराने एक चित्र अथपासून इतिपर्यंत करायचं, ही चाल पडली. अबुल हसन, मन्सूर यांना मोठमोठे किताब मिळाले. आपल्या आठवणींत जहांगीर लिहितो, की एकाच चित्रातले निरनिराळे चेहरे निरनिराळ्या उस्तादांनी काढले असले तरी कुठला कोणाचा हे आपण सांगू शकतो. एकाने काढलेल्या चेहऱ्यात डोळे आणि भुवया दुसऱ्याने काढल्या असल्या तरी! बढाई म्हणा हवं तर. पण असा रसिक मालक असला की कारकुनाची गरज उरत नाही, आणि तो गेला की त्याचं ज्ञानही त्याच्याबरोबर जातं.

लाल शाईच्या नोंदींचंही पुढे फार बरं झालं नाही. ग्रंथांची पुन्हा बांधणी करताना पानांच्या कडा कापल्या गेल्या, आणि नोंद असे नेमकी खालच्या कडेला. कित्येक चित्रांवर आता अर्धीच अक्षरं उरली आहेत, कित्येकांवर तीही नाहीत. हवाई हत्तीच्या चित्राखालची नोंद मात्र शाबूत आहे. तरह बसावन, अमल चेतर.