उमेदवारी

एसटीच्या विभागीय कार्यालयाबाहेरची नोटीस असो की रेल्वे कारखान्याची वर्तमानपत्रातली जाहिरात, 'शिकाऊ उमेदवार' ही जोडगोळी तिथे ठरलेली. निवडणुकीला उभा राहणारा उमेदवार, परीक्षेला बसणारा उमेदवार आणि डेपोत बसखाली शिरून नटबोल्ट कसायला शिकणारा पोरगाही उमेदवारच. मराठीनं तिघांना एकाच बाकावर बसवलं आणि माझ्या मते बरोबर बसवलं, कारण तिघंही वाट पाहत असतात.

शब्द फारसी. 'उम्मीद' म्हणजे आशा. तिला 'बाळगणारा' अशा अर्थाचा 'वार' हा प्रत्यय लागला (सोमवार-मंगळवाराशी त्याचं काही नातं नाही). म्हणजे उमेदवार हा आशेवर असलेला माणूस. मराठीत आल्यावर 'उमेद' मात्र अंगानं भरली. आपण उमेद म्हणतो तेव्हा त्यात नुसती आशा नसते, धमक असते. 'उमेदीची वर्षं' म्हणजे अंगात रग असतानाची वर्षं. 'उमेद खचली' म्हटलं की माणूस आतून बसला असं आपण समजतो. नुसती आशा मावळली तर तो एवढा बसत नाही. ही वाढ 'उमेदवार'पर्यंत पोचली नाही. तो जुन्या अर्थालाच धरून राहिला. त्याच्या अंगात धमक असेलही, पण शब्द ती विचारत नाही.

'उमेदवारी करणे' हा वाक्प्रचार कचेरीतला. जागा रिकामी होईपर्यंत जुन्या कारकुनाच्या शेजारी बसायचं, नकला करायच्या, दप्तरं बांधायची, साहेबाच्या नजरेत राहायचं. पगाराचं नाव काढायचं नाही. 'बिनपगारी, फुल अधिकारी' ही आपली थट्टाही याच जातीची. इंग्रज साहेबांनाही 'उमेदवार' हा शब्द इतका सोयीचा वाटला की १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन कोशात त्याला जागा मिळाली. पुण्याचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानं १८१६ मध्ये तो चक्क स्वतःला लावला आहे: वर्षानुवर्षं उमेदवार म्हणून ताटकळण्याची कल्पना त्याला नकोशी वाटत होती. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला. एवढ्या फळलेल्या उमेदवाऱ्या थोड्याच.

नाटक-सिनेमावाल्यांनी हा वाक्प्रचार आपलासा केला आणि त्याला एक झळाळी आणली. नटाच्या मुलाखतीत 'उमेदवारीचे दिवस' आले की वाचक सावरून बसतो. आता वडापाववर काढलेले दिवस येणार, गोष्टीचा शेवट चांगला होणार. पण मुलाखत छापून येते ती उमेदवारी फळलेल्यांचीच.

'शिकाऊ'ची कुळी सोपी आहे. टिकतो तो टिकाऊ, विकायला असतो तो विकाऊ, शिकतो तो शिकाऊ. देशाच्या १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याचं मराठी नाव 'शिकाऊ उमेदवार अधिनियम' असं करणाऱ्यानं दोन्ही शब्द एकत्र आणले ते फार विचारानं, असं मला वाटतं. शिकतोही आहे आणि वाटही पाहतो आहे. कायद्याची कलमं वाचली की नाव किती चपखल आहे ते कळतं. १८ वं कलम सांगतं की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. २२ वं सांगतं की मुदत संपल्यावर त्याला नोकरी देणं मालकावर बंधनकारक नाही. मालकानं आपलं भरतीचं धोरण ठरवावं, एवढंच. सुरुवातीला हा कायदा फिटर, टर्नर, वेल्डर अशा हातकामाच्या लोकांपुरता होता. १९७३ मध्ये अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक त्यात आले, आणि २०१४ च्या दुरुस्तीनं बीए-बीकॉमवाल्यांनाही दार उघडलं. पदवी हातात आली तरी उमेदवारी चुकत नाही, हे तेव्हापासून कायद्यानंच मान्य केलं म्हणायचं. 'पदवी' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थही वाट, पायवाट असाच आहे. मुक्कामाला पोचल्याचा दाखला आपण तिला नंतर बनवलं.

लोक मात्र 'शिकाऊ उमेदवार' बोलत नाहीत. 'पोरगं रेल्वेत अप्रेंटिसला लागलं' असंच म्हणतात. या 'लागलं'मध्ये केवढा दिलासा असतो! रेल्वेच्या परिभाषेत तर 'ॲक्ट अप्रेंटिस', म्हणजे याच कायद्याखाली शिकणारा, अशी वेगळी जातच आहे. २० मार्च २०१८ च्या सकाळी दादर आणि माटुंग्याच्या मध्ये रुळांवर बसून मध्य रेल्वेच्या लोकल अडवल्या त्या याच मुलांनी. शिकवून झालं, प्रमाणपत्र दिलं, आता कामावर घ्या, ही त्यांची मागणी. त्या दिवशी ऑफिस चुकलेल्या कित्येक मुंबईकरांना हा शब्द पहिल्यांदा कळला. कायदा म्हणाला, तुम्ही शिकाऊ. मुलं म्हणाली, आम्ही उमेदवार. भांडण या दोन शब्दांमधल्या अंतराचं होतं.

हे अंतर जुनं आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत कारागिरी शिकणाऱ्या मुलाला 'अंतेवासी' म्हटलं आहे, म्हणजे गुरूच्या जवळ राहणारा. नियम असा की शिल्प शिकून लवकर झालं तरी ठरलेली मुदत भरेपर्यंत त्यानं गुरूच्या घरी राहायचं. जेवण गुरूचं, आणि केलेल्या कामाचं फळही गुरूचंच. आयटी कंपन्यांतला 'बॉन्ड' भरून देणाऱ्या मुलांना हा नियम वाचून घरच्यासारखं वाटेल. १८५० मध्ये कंपनी सरकारनं अप्रेंटिसांचा जो कायदा केला, त्यात दहा ते अठरा वयाच्या मुलाला बाप किंवा पालक सात वर्षांपर्यंत एखाद्या धंद्यात बांधून देऊ शकत असे. अनाथ आणि धर्मादायावर वाढणाऱ्या मुलांना हुन्नर मिळावा हा त्याचा एक हेतू होता.

'अंतेवासी' आज बोलण्यात उरला नाही. पण त्याचा दूरचा भाचा शोभेल असा एक शब्द सरकारी कागदांत सुखानं नांदतो आहे: 'आंतरवासिता'. मेडिकल कॉलेजच्या पत्रकात आणि बीएडच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला हेच नाव आहे. जुना शब्द गुरूजवळ राहायला सांगतो, नवा इस्पितळाच्या किंवा शाळेच्या आत राहायला. गुरू मधल्या मध्ये कुठे गेला?

'शागीर्द'ची कथा याहून बोलकी. फारसीत शागीर्द म्हणजे शिष्य, उस्तादाचा चेला. गाण्यात, कुस्तीत तो तसाच राहिला. मराठेशाहीत मात्र 'शागीर्दपेशा' म्हणजे सरदाराघरचा नोकरवर्ग. चेला नोकर कसा झाला हे समजायला कोश उघडायची गरज नाही, कुठल्याही गॅरेजमध्ये पाच मिनिटं उभं राहावं. 'शिकायला' आलेला मुलगा पहिले कित्येक महिने पाना दे, चहा आण, गाडी पूस, एवढंच करतो. शिंप्याकडे काज-बटण, सुताराकडे पॉलिश पेपर. यातलं काही शिक्षण असतंही. कुठला पाना कशाला लागतो हे देता देताच कळतं. पण पाना देणं कधी संपणार हे कोणी ठरवलेलं नसतं, आणि तिथेच शागीर्दाचा शागीर्दपेशा होतो.

आयटीआयच्या फिटर वर्गात याच्या नेमकं उलटं दिसतं. तिथे 'जॉब' म्हणजे नोकरी नव्हे. जॉब म्हणजे हातातला लोखंडाचा तुकडा. व्हाइसमध्ये तो आवळायचा, कानस मारायची, मग गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. पात्याखालून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा कानस. 'माझा जॉब झाला', 'त्याचा जॉब बिघडला' ही वाक्यं तिथे दिवसभर चालतात. इन्स्ट्रक्टर जॉब हातात घेतो, उलटा-सुलटा करतो आणि वहीत सही करतो. शिकवणारा कोण आणि शिकून झालं कधी, या दोन्हीची उत्तरं त्या एका सहीत असतात.

पैशाचा शब्द राहिलाच. शिकाऊ उमेदवाराला मिळतं ते 'विद्यावेतन'. कायद्याच्या लेखी तो कामगार नाही, आणि आपण मराठीत त्याच्या पैशाला मात्र 'वेतन' म्हणून बसलो आहोत. इंग्रजी 'स्टायपेंड'ही मुळात काही वेगळा नाही. लॅटिनमध्ये ती रोमन सैनिकाची तलब होती. निवासी डॉक्टर संपावर जातात तेव्हा बातम्यांत 'विद्यावेतन वाढवा' असं येतं आणि वाचणाऱ्याला ते पगारवाढीसारखंच ऐकू येतं. २०१९ च्या नियमांत पदवीधर शिकाऊ उमेदवाराला महिना किमान ९,००० रुपये ठरले. राज्य सरकारच्या २०२४ च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० असा हिशेब होता. मूळ मुदत सहा महिन्यांची. पुढे वाढवून मिळाली, तरी मुलं 'कायम करा' म्हणत रस्त्यावर आलीच. योजनेच्या नावात काम आहे, प्रशिक्षण आहे, युवाही आहे. उमेदवार तेवढा नाही. नाव गाळलं म्हणून वाट पाहणं थोडंच गळतं.

दक्षिण आफ्रिकेनंही असाच एक नवा शब्द आणला, पण त्यासोबत कागदही बदलला. वर्णभेदाच्या काळात तिथे कुशल धंद्यांतली अप्रेंटिसशिप बहुतांशी गोऱ्यांच्याच वाट्याला येई. १९९८ च्या कौशल्यविकास कायद्यानं तिच्या जोडीला 'लर्नरशिप' आणली. तिच्या करारावर शिकणारा, कामावर घेणारा आणि शिकवणारी संस्था अशा तिघांच्या सह्या लागतात. एवढ्यानं तिथली बेकारी हटली नाही. तरी शिकवायची जबाबदारी कोणाची, हे त्या कागदावर नावानिशी असतं.

आपल्याकडे उलट शब्दांचा सुकाळ आहे. ट्रेनी, प्रशिक्षणार्थी, शिक्षण सेवक, इंटर्न; एमएच्या मुलांच्या तोंडी आता 'ओजेटी' (ऑन जॉब ट्रेनिंग). जाहिरातीत 'होतकरू मुले पाहिजेत' असंही असतं. होतकरू हा फार गोड मराठी शब्द. जो अजून घडतो आहे, पण घडेल असं दिसतं, तो होतकरू. अलीकडे 'गरीब व' लावल्याशिवाय तो कोणी लिहीत नाही, हे त्याचं दुर्दैव.

म्हणून जाहिराती लिहिणाऱ्यांना एक विनंती. शिकवणारा माणूस नेमला असेल, काय शिकवणार ते कागदावर असेल आणि मुदत ठरलेली असेल, तर खुशाल 'शिकाऊ उमेदवार' लिहा. यातलं काहीच नसेल, नुसता स्वस्तातला हात हवा असेल, तर त्यासाठी मराठीत 'हंगामी' हा शब्द आधीपासून आहे. तो वापरा. येणाऱ्या मुलाला निदान आपण कशासाठी चाललो आहोत ते कळेल.