पेन्शन आणि दुसरा पगार

17 डिसेंबर 1779 रोजी पेशव्यांनी पोर्तुगीजांशी तह केला आणि दमणच्या बाजूला वर्षाला 12,000 रुपये उत्पन्नाची गावे त्यांना लावून देण्याचे कबूल केले. 1783 आणि 1785 मध्ये निघालेल्या सनदांनी नगर हवेलीतील गावे त्यांच्याकडे गेली. आजचे सिल्वासा आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांच्या हाती आला तो असा, एका वार्षिक नेमणुकीच्या वाटेने.

2 ऑगस्ट 1954 रोजी सिल्वासा मुक्त झाले. मुक्तिसंग्रामात पुण्या-मुंबईकडचे स्वयंसेवक पुढे होते, संगीतकार सुधीर फडकेही त्यांत होते. पुढे पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला, तेव्हा तो जुना तह पुन्हा उलगडला गेला. पेशव्यांनी मुलूख दिला होता की नुसता महसूल? 12 एप्रिल 1960 च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की तहाने दिला तो जहागीर किंवा सरंजामाच्या जातीचा महसुली हक्क, सार्वभौमत्व नव्हे. पुढे इंग्रजांनी तिथे पोर्तुगीज सत्ता मानली हे खरे, पण मूळ देणगी परत घेता येण्याजोगीच होती.

मराठेशाहीतल्या सरंजामाचे हेच लक्षण. चाकरीबद्दल मिळालेला, बहुधा हयातीपुरता आणि देणाऱ्याच्या मर्जीवर टिकणारा. इंग्रजांनी हीच वृत्ती पेन्शनला लावली. दुसऱ्या बाजीरावाला 1818 मध्ये गादी सोडण्याच्या बदल्यात वर्षाला 8 लाख रुपये ठरले. 1851 मध्ये तो वारला आणि त्याचा दत्तकपुत्र नानासाहेब याच्या हाती काही आले नाही. 1871 च्या पेन्शन कायद्याने तर पेन्शन आणि महसुली इनामे एकाच दाव्याला बांधली आणि त्यांबद्दल दिवाणी न्यायालयात फिर्याद करण्याची वाटच अडवली. सरकार देईल ते घ्यावे, असा त्याचा सरळ अर्थ.

स्वतंत्र भारतात 1982 मध्ये ही समजूत ठामपणे मोडीत निघाली. डी. एस. नाकारा खटल्यात सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने निर्णय दिला, निकालपत्र न्या. डी. ए. देसाई यांनी लिहिले. पेन्शन ही बक्षिसी नाही, कृपाही नाही. ती आधी केलेल्या सेवेचा मोबदला आहे. निकालाची तारीखही 17 डिसेंबरच. देशभरचे निवृत्त कर्मचारी हा दिवस पेन्शनर दिन म्हणून पाळतात.

मोबदला जर आधीच कमावलेला, तर निवृत्त माणसाने पुन्हा नोकरी धरली म्हणून त्यातले काही का कमी व्हावे? लवकर निवृत्त होणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न फार टोचतो, कारण त्यांच्यापुढे कामाची बरीच वर्षे उरलेली असतात. फौजेतला शिपाई चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतो. पोरे शाळेत असतात, घराचे हप्ते चालू असतात. दुसरी नोकरी ही त्याची हौस नव्हे, गरज असते.

केंद्र सरकारने 1986 च्या आदेशांत 55 वर्षांची रेघ ओढली. त्या वयाआधी निवृत्त होऊन पुन्हा सरकारी नोकरीत आलेल्या जवानाची आणि गट अ च्या खालच्या कर्मचाऱ्याची पेन्शन नवा पगार ठरवताना पूर्ण वगळायची. अधिकाऱ्याची मात्र ठराविक रक्कमच वगळायची. ही रक्कम आधी 500 रुपये होती, मग 1,500, 4,000 आणि 2016 पासून 15,000. समजा, एखादा अधिकारी 54 व्या वर्षी 1,20,000 रुपये मूळ पगारावर आणि 60,000 रुपये पेन्शनवर बाहेर पडला. त्याच पातळीवर पुन्हा रुजू झाला, तर 45,000 रुपये नव्या पगारातून वजा होतात. पंचावन्न ओलांडून निवृत्त झाला असता, तर पूर्ण 60,000 वजा झाले असते.

महागाईभत्त्याचा वाद याहून कडवट झाला. पुन्हा नोकरीला लागलेल्या माजी सैनिकाला नव्या पगारावर महागाईभत्ता मिळतो, मग पेन्शनवरचा कशाला, ही सरकारची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये वासुदेवन पिल्ले खटल्यात मान्य केली. पाचव्या वेतन आयोगानंतर सरकारनेच ती अंशतः सोडली आणि ज्यांची पेन्शन पूर्ण वगळली जाते त्यांना हा भत्ता 18 जुलै 1997 पासून दिला.

आता सिल्वासाकडे पाहा. करसवलतींमुळे इथे कारखाने आले, धाग्याचा मोठा उद्योग उभा राहिला. लवकर निवृत्त झालेला तोच अधिकारी अशा खासगी कारखान्यात बसला, तर पेन्शन, तिच्यावरचा महागाईभत्ता आणि नवा पगार, तिन्ही पूर्ण हाती पडतात. गट अ च्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभर परवानगी लागते, एवढेच. पण तो सरकारी कचेरीच्या खुर्चीत बसला, की कात्री चालते. एकाच तिजोरीतून दोनदा पैसे जाऊ नयेत, हा सरकारचा युक्तिवाद बिनबुडाचा नाही. तरीही दोन्ही रकमा दोन वेगळ्या कामांच्या आहेत, आणि मालक बदलला म्हणून जुने काम बदलत नाही.

नव्या नियमांत रेघ आणखी पुढे सरकली आहे. 1 एप्रिल 2025 पासून लागू झालेल्या एकीकृत पेन्शन योजनेत 25 वर्षे सेवा करून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्याला हमीची रक्कम सुरू होते ती नियत वयोमानाने निवृत्त झाला असता त्या तारखेपासून. म्हणजे पन्नाशीत बाहेर पडलेल्याला साठीपर्यंत दुसऱ्या पगारावरच दिवस काढावे लागतील. कमावलेला मोबदला दहा वर्षे अडकवून ठेवणे हे नाकारा निकालाच्या अर्थाशी जुळत नाही, आणि कर्मचारी संघटनांनी हा मुद्दा सरकारपुढे लावून धरला पाहिजे.