कुंडीमागून कुंडी

खकनारहून आम्ही बायका बुऱ्हाणपूरला जातो ते लग्नाच्या खरेदीला, दवाखान्यात, नाहीतर देवदर्शनाला. गेल्या हिवाळ्यात मात्र चौघी नुसत्या चालायला गेलो. "चालायला? त्यासाठी बसचं तिकीट काढायचं?" घरचे हसले.

आम्हाला चालायचं होतं ते कुंडी भंडाऱ्यावरून. 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि बुऱ्हाणपूर हे दख्खनच्या वाटेवरचं मुघलांचं मोठं ठाणं झालं. फौज वाढली, वस्ती वाढली. तापी जवळच, पण शहर तिच्या उंच काठावर. मग अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, 1615 च्या सुमारास, तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या उतारावरून जमिनीत झिरपणारं पाणी जमिनीखालीच भुयारात गोळा केलं. उतार असा साधला, की मोटेशिवाय पाणी शहराकडे वाहत यावं. उजेड, वारा मिळावा आणि गाळ काढता यावा म्हणून भुयारावर थोड्याथोड्या अंतराने विहिरीसारख्या कुंड्या बांधल्या. खाली सुमारे 80 फुटांवर ते पाणी आजही वाहतं. 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत त्याचं नाव लागलं.

वरून भुयार काही दिसत नाही. एका कुंडीचं गोल तोंड, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. हीच आमची वाट. साध्वीजींच्या विहारात सोबत चालताना ईर्यासमिती शिकलो होतो, चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकायचं. त्या दिवशीही नजर खालीच होती. म्हणून मुंग्यांची रांग दिसली, तशाच एका कुंडीच्या कठड्याशी टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्याही दिसल्या. त्या आम्ही उचलल्या.

मला सासूबाई आठवल्या. पाणी गाळून झालं, की गाळण्यातले जीव त्या ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायच्या. म्हणजे आपलं पाणी कुठलं, हे त्यांना रोज ठाऊक असायचं. नळ आला, आम्ही गाळणं सांभाळलं, विहीर विसरलो.

परतताना बसमध्ये एकीने विचारलं, "अगं, आपल्या नळाला पाणी येतं तरी कुठून?"

चौघींपैकी एकीलाही सांगता येईना. पुढच्या रविवारी खकनारमध्ये तेच शोधत चालायचं ठरलं.