सरकार पाडण्याचा ठराव

लोकसभेत आजवर २८ अविश्वास ठराव चर्चेला आले. त्यांतला एकही मंजूर झालेला नाही. केंद्रातली तीन सरकारं मतदान हरून गेली हे खरं: १९९० साली विश्वनाथ प्रताप सिंग यांचं, १९९७ साली देवेगौडांचं आणि १९९९ साली वाजपेयींचं. पण तिन्ही वेळा पडला तो सरकारनं आपणहून मांडलेला विश्वासदर्शक ठराव. म्हणजे सरकार पाडण्यासाठी जन्माला आलेलं हत्यार आपल्याकडे दिल्लीत कधी चाललंच नाही, आणि सरकार तगवण्यासाठी काढलेल्या तोडग्यानं तीन सरकारांचा बळी घेतला. या उफराट्या प्रकाराचं मूळ शोधायचं तर इंग्लंडात जावं लागतं.

तिथे सतराव्या शतकात राजाचा मंत्री नकोसा झाला तर पार्लमेंटला त्याच्यावर खटला भरावा लागे. राजा पहिल्या चार्ल्सचा विश्वासू अर्ल ऑफ स्ट्रॅफर्ड याच्यावर तसा खटला चालला. गुन्हा शाबीत होईना, तेव्हा पार्लमेंटनं खास कायदाच केला आणि मे १६४१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. मंत्री बदलण्याची ही रीत फारच महाग होती. धोरण चुकलं एवढ्यासाठी माणसाचं डोकं मागायचं, किंवा मग त्याला सोसत राहायचं. मधली वाट नव्हती.

ती वाट हळूहळू पडली. १७४२ साली पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल एका वादग्रस्त निवडणुकीवरचं मतदान हरला आणि पायउतार झाला. त्याचे सहकारी मात्र बरेचसे आपापल्या जागी राहिले. सगळं मंत्रिमंडळ एकत्र जाण्याचा प्रसंग आला तो पंतप्रधान लॉर्ड नॉर्थवर. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला इंग्रज फौजेनं शरणागती पत्करली. अमेरिका हातची गेली, तरी तिसऱ्या जॉर्ज राजाचा हट्ट सुटेना. फेब्रुवारी १७८२ अखेर हाउस ऑफ कॉमन्सनं युद्ध पुढे चालवण्याविरुद्ध कौल दिला. मार्चमध्ये सरकारवर अविश्वास दाखवणारे ठराव येऊ लागले. १५ तारखेचा ठराव तर अवघ्या ९ मतांनी फेटाळला गेला. पुढचा टळणार नाही हे नॉर्थनं ओळखलं आणि राजाला तसं स्पष्ट सांगितलं. राजानं रागाच्या भरात गादी सोडण्याचा मसुदासुद्धा करून ठेवला होता.

२० मार्चच्या संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं होतं. चर्चा मध्यरात्र ओलांडणार या हिशेबानं सभासदांनी आपल्या घोडागाड्या परत पाठवल्या होत्या. नॉर्थ उठला, सरकार संपल्याचं त्यानं जाहीर केलं, आणि सभागृह लवकर उठलं. बाहेर कडाक्याची थंडी. सगळे कुडकुडत उभे, आणि एकट्या नॉर्थची गाडी दाराशी तयार! बातमी आधी ठाऊक असण्याचा एवढा तरी फायदा हवा, अशा अर्थाचं काहीतरी तो हसत म्हणाला असं सांगतात. त्याच्याबरोबर जवळजवळ सगळे मंत्री गेले. लॉर्ड चॅन्सलर थर्लो तेवढा खुर्चीला चिकटून राहिला.

पण एका प्रसंगानं रिवाज पक्का होत नाही. दोनच वर्षांनी पंतप्रधान धाकटा पिट लागोपाठ मतदानं हरूनही हलला नाही. त्यानं निवडणूक घेतली आणि तो जिंकला. अविश्वासाला निवडणुकीनं उत्तर देता येतं ही पोटशाखा तिथे फुटली. पुढे जून १८४१ मध्ये रॉबर्ट पीलनं मेलबर्न सरकारविरुद्ध ठराव मांडला, तो ३१२ विरुद्ध ३११ असा एका मतानं मंजूर झाला. मेलबर्ननंही निवडणूक घेतली, पण तो हरला. व्हिक्टोरिया राणीला पील मुळीच आवडत नसे. तरी तिला त्यालाच बोलवावं लागलं. माझ्या मते राजाची मर्जी खऱ्या अर्थानं मोडली ती या वर्षी.

हिंदुस्थानात इंग्रजांनी सभागृह आणलं, पण हे हत्यार घरीच ठेवलं. १९२३ साली मिठावरचा कर दुप्पट करण्याचा प्रस्ताव मध्यवर्ती कायदेमंडळानं फेटाळला. व्हाइसरॉय रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात तो लागू केला आणि सरकारचं काहीच बिघडलं नाही. प्रांतांत जबाबदार सरकारं आली ती १९३७ साली. मुंबई प्रांतात त्याची सुरुवात मोठी गमतीदार झाली. बहुमताजवळ पोचलेली काँग्रेस गव्हर्नरांकडून आश्वासन मागत बाहेर बसली, तेव्हा साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांचं अल्पमतातलं मंत्रिमंडळ नेमण्यात आलं. या मंत्रिमंडळानं विधानसभेला तोंड दिलंच नाही. जुलैत काँग्रेसचे बाळासाहेब खेर आले आणि कूपर गेले.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त. संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, कारण तिथे सरकारची परीक्षा निवडणुकीपुरती राहत नाही, प्रश्न आणि ठरावांतून ती रोज होते. आपण दुसरी निवडली. मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार राहील हे कलम ७५ मध्ये आलं. राज्यसभेला हा अधिकार नाही. अविश्वास ठरावाला कारण द्यावं लागत नाही. ५० खासदार पाठीशी उभे राहिले की तो चर्चेला येतो.

पहिला ठराव यायला १९६३ चा ऑगस्ट उजाडला. चीनकडून झालेला पराभव ताजा होता आणि आचार्य कृपलानी, लोहिया, मसानी पोटनिवडणुका जिंकून नुकतेच आत आले होते. कृपलानींनी ठराव मांडला. चार दिवस चर्चा चालली. देशातली बहुसंख्य माणसं दिवसाला तीन आण्यांवर जगतात असं लोहिया म्हणाले. नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. ठराव ३४७ विरुद्ध ६२ असा पडला. तो पडणार हे सगळ्यांना आधीच माहीत होतं, पण तीन आण्यांचा वाद आजही लोकांच्या लक्षात आहे. आपल्याकडे अविश्वास ठरावाचं काम तेव्हापासून हेच: सरकारला बसवून ऐकवायचं. २०२३ साली मणिपूरवर पंतप्रधानांनी बोलावं म्हणूनच तर तो आणला गेला, आणि आवाजी मतदानानं फेटाळलाही गेला.

एकदाच तो नेमका बसला, आणि तोही मतदानाशिवाय. जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांनी मोरारजी देसाईंविरुद्ध ठराव मांडला. जनता पक्षाला गळती लागली आणि मतदानाआधीच मोरारजींनी राजीनामा दिला. चरणसिंग पंतप्रधान झाले, यशवंतराव उपपंतप्रधान. राष्ट्रपतींनी नव्या सरकारला लोकसभेचा विश्वास मिळवायला सांगितलं होतं. इंदिरा गांधींनी पाठिंबा काढला आणि लोकसभेला एकदाही सामोरं न जाता चरणसिंग २० ऑगस्टला गेले.

इथे ओझं दुसऱ्या खांद्यावर गेलं. सरकारकडे बहुमत नाही हे विरोधकांनी दाखवायचं, ते बहुमत आहे हे आता सरकारनं दाखवायचं. लोकसभेच्या नियमावलीत विश्वासदर्शक ठरावाला स्वतंत्र नियम नाही. एरवीच्या प्रस्तावाच्या नियमाखाली तो मांडतात. पण १९८९ नंतर त्रिशंकू लोकसभा येऊ लागल्या आणि तोच खरा कसोटीचा ठरला. अविश्वास ठराव येतो तेव्हा सरकारची बेरीज बहुधा पक्की असते. राष्ट्रपती विश्वास मिळवायला सांगतात तेव्हा ती डळमळलेली असते. वाजपेयी पडले ते २६९ विरुद्ध २७० असे.

बेरीज जुळवण्याचे मार्गही निघाले. जुलै १९९३ मध्ये नरसिंह राव सरकार २६५ विरुद्ध २५१ असं तरलं. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी त्यासाठी पैसे घेतल्याचा खटला झाला. सभागृहातल्या मताबद्दल खासदारावर खटला चालत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९९८ साली दिला. तो बदलायला २०२४ चा मार्च लागला.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालानं बहुमत मोजण्याची जागा राजभवन नव्हे, सभागृह हे ठरवून टाकलं. महाराष्ट्रानं ‘बहुमत चाचणी’ हा शब्द २०१९ पासून इतक्यांदा ऐकला की तो आता कट्ट्यावरही चालतो. जून २०२२ मध्ये राज्यपालांनी चाचणीचा आदेश दिला आणि चाचणीच्या आदल्या रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की राज्यपालांचा तो आदेशच चुकीचा होता. परंतु ठाकरे चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाले असल्यामुळे त्यांचं सरकार पुन्हा बसवता येणार नाही.