‘डू द नीडफुल’ म्हणजे काय? अर्थ, वापर आणि मराठी पर्याय

‘प्लीज डू द नीडफुल’ हे वाक्य भारतातील कार्यालयीन पत्रांत आणि ईमेलमध्ये नेहमी दिसते. त्याचा सरळ अर्थ ‘जे आवश्यक आहे ते कृपया करावे’ असा होतो. ‘नीडफुल’ म्हणजे गरजेचे. त्याच्याआधी ‘द’ लागले की ‘गरजेचे ते काम’ असा अर्थ तयार होतो. म्हणून ‘द’ गाळून ‘डू नीडफुल’ लिहिणे व्याकरणाला धरून नाही.

हा वाक्प्रचार आला कुठून?

तो भारतात तयार झाला, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात तो जुन्या ब्रिटिश इंग्रजीतला आहे. इंग्रजी राजवटीच्या पत्रव्यवहारातून तो इथल्या कचेऱ्यांत रुजला. पुढे ब्रिटनमध्ये तो मागे पडला, भारतात मात्र टिकला. त्यामुळे परदेशी वाचकाला तो जुनाट, कधी हुकूम सोडल्यासारखाही वाटू शकतो.

मराठीत काय म्हणतात?

- योग्य ती कार्यवाही करावी
- आवश्यक ती कार्यवाही व्हावी
- माहितीसाठी व पुढील कार्यवाहीसाठी सादर

‘कार्यवाही’ आणि ‘कारवाई’ यांत गल्लत होते. कार्यवाही म्हणजे कामाची अंमलबजावणी. कारवाई हा शब्द बहुतेक वेळा दंड, गुन्हा किंवा शिस्तभंगाच्या संदर्भात येतो. दाखला मागणाऱ्या अर्जात ‘कारवाई करावी’ लिहिले तर अर्थच बदलतो.

कधी वापरावा, कधी टाळावा?

समोरच्याला नेमके काम आधीच माहीत असेल, तर हा वाक्प्रचार चालतो. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फाइल पाठवताना तो पुरेसा असतो. नागरिकाच्या अर्जात मात्र तो अपुरा पडतो, कारण ‘आवश्यक ते’ काय, हे ठरवणे वाचणाऱ्यावर सोडले जाते.

समजा, करवीर तालुक्यातील कळंबा गावच्या रहिवाशाला ग्रामपंचायतीकडे अर्ज करायचा आहे.

मोघम: ‘आमच्या गल्लीत दिव्यांची अडचण आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’

नेमके: ‘कळंबा तलावाच्या बाजूच्या आमच्या गल्लीतील दोन खांबांवरचे दिवे पंधरा दिवसांपासून बंद आहेत. ते या महिनाअखेरपर्यंत दुरुस्त करून मिळावेत, ही विनंती.’

पहिल्या अर्जावर ‘कार्यवाही केली’ असा शेरा मारून विषय संपवता येतो. दुसऱ्यात दिवा लागला की नाही, एवढेच पाहायचे उरते.

अर्जात काय असावे?

- काम कोणते आणि कुठले
- अडचण केव्हापासून आहे
- नेमके काय हवे आणि कधीपर्यंत
- सोबत जोडलेली कागदपत्रे

अर्ज दिल्यावर तारीख घातलेली पोच घ्यावी. जन्मनोंदीच्या दाखल्यासारख्या अधिसूचित सेवांना ‘महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015’ लागू आहे. त्यानुसार सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा पात्र व्यक्तीचा हक्क असून, ती न मिळाल्यास अपील करता येते. त्या वेळी पोच आणि अर्जातील नेमकी मागणी दोन्ही उपयोगी पडतात.

थोडक्यात, ‘डू द नीडफुल’ चुकीचे नाही. पण आधी काम स्पष्ट लिहावे, मगच हवे तर शेवटी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ जोडावे.