औषध-माहितीकोश, संगणकीय
डॉक्टर संगणकावर औषध लिहीत असतानाच मात्रा, अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाची स्थिती व औषधांच्या परस्परक्रिया पडताळून इशारा देणारा माहितीसंग्रह. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्या रुग्णाला अ‍ॅस्पिरिन लिहिल्यास वाढणारा रक्तस्रावाचा धोका तो दाखवतो. भारतात मुख्य अडचण नावांची : एकच पॅरासिटामॉल क्रोसिन, कॅलपोल, डोलो अशा अनेक नावांनी विकले जाते. भारत २०१४ मध्ये स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञावली सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य झाला; या संज्ञावलीच्या आधारे पुण्याच्या सी-डॅक या संगणन संस्थेतील राष्ट्रीय संसाधन केंद्राने ‘कॉमन ड्रग कोड्स फॉर इंडिया’ ही संकेतावली सिद्ध केली. तीत व्यापारी नाव मूळ घटकाशी जोडलेले असते. मात्र किरकोळ इशाऱ्यांचा भडिमार झाला, की डॉक्टर ते न वाचताच पुढे जातात. त्यामुळे धोक्याची प्रतवारी लावणे हे कोशकर्त्यांचे सर्वांत अवघड काम ठरते.