मैदानाचा झगडा



महालातल्या चिटणीस पार्कसारखे मोकळे मैदान ज्यांच्या घराजवळ आहे, त्यांना ते आभाळासारखेच आयते मिळालेले वाटते. खेड्यातही शाळेमागची पडीत जागा जणू पहिल्यापासून पोरांचीच होती असे आपण धरून चालतो. पण पुष्कळशा मैदानांच्या मागे अर्ज, सह्या आणि कचेरीचे हेलपाटे असतात. आज शहरांतली मुले चाकांच्या फळीवर खेळायला सिमेंटची उतरती जागा मागतात, तेव्हा "हे कसले नवे खूळ!" म्हणून वडीलमंडळी हसतात. क्रिकेट हेही एके काळी असेच नवे खूळ होते. त्यासाठी मुंबईत जो झगडा झाला त्याची हकीकत आज सांगायची आहे. पुढे तिला आपल्या नागपूरचा एक माणूसही येऊन मिळतो.

मुंबईच्या किल्ल्याबाहेर फार मोठे पटांगण राखलेले होते. कशासाठी? तर तोफांच्या माऱ्याच्या आड घरदार येऊ नये म्हणून! पुढे किल्ल्याचा तट पडला, पटांगण मात्र राहिले. तिथे पारशी तरुण गोऱ्या शिपायांचा खेळ बघता बघता स्वतः खेळू लागले. १८४८ साली त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. १८७५ साली गोऱ्या साहेबांनी त्याच पटांगणाच्या एका टोकाला बॉम्बे जिमखाना उभारला. तिथे हिंदी माणसाला सभासद होता येत नसे. इथपर्यंत एक वेळ ठीक म्हणू. पण साहेबांना घोड्यावरून पोलो खेळायचा, आणि तो आपल्या गवतावर नव्हे, तर उरलेल्या जागेत, जिथे एतद्देशीय पोरे खेळत!

ओल्या वावरातून बैलजोडी गेली की खुरांचे खड्डे कसे पडतात, हे तुम्हांला सांगायला नको. ते वाळले म्हणजे दगडासारखे होतात. अशा जमिनीवर टप्पा पडलेला चेंडू कुठे उसळेल याचा नेम नाही. खेळणाऱ्याचे कपाळच फुटायचे. १८८१ च्या ऑक्टोबरात शेकडो सह्यांचा अर्ज गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्याकडे गेला. मागणी अगदी साधी होती : पोलो दुसरीकडे न्यावा. प्रथम निकाल अर्जदारांच्या बाजूने लागला, पण पोलोवाल्यांनी आपले वजन खर्चले आणि घोडे परत आले. शापूरजी सोराबजी यांनी या झगड्याची सगळी हकीकत १८९७ साली पुस्तकात लिहून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत पोचली. शिक्षकबंधूंनी हे जरूर ध्यानात घ्यावे. गावच्या अर्जाची नक्कल जपून ठेवली तर तोही इतिहासच असतो.

अखेर सरकारने काय केले? समुद्र हटवून काढलेल्या किनाऱ्यावर १८८७ साली पारशांना वेगळी जागा दिली. मग १८९२ साली इस्लाम जिमखान्याला, १८९४ साली हिंदू जिमखान्याला. माझ्या मते ही प्रश्नाला दिलेली बगल होती. मैदाने मिळाली खरी, पण धर्माधर्माची कुंपणे घालून मिळाली. पुढे सामनेही तसेच होऊ लागले : हिंदू विरुद्ध पारशी, मुसलमान विरुद्ध युरोपियन. ते थेट १९४६ पर्यंत चालले.

आणि कुंपणाच्या आत तरी सगळे सारखे होते काय? पळवणकर बाळू हा चांभार समाजातला मुलगा पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची निगा राखी. ग्रेग नावाच्या साहेबाला तो तासन् तास गोलंदाजी टाकी; बॅट मात्र त्याच्या हाती कोणी दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघात तो आला. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सोबत्यांना चाले, पण चहा त्याला बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. ज्यांनी साहेबाच्या तोंडावर बंद होणारे दार पाहिले होते, त्यांनीच हे दुसरे दार लावून घेतले होते! १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरी संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले, आणि तेही बरेच रुसवेफुगवे होऊन.

आता नागपूरचा माणूस. कोट्टारी कनकय्या नायडू १८९५ साली नागपुरात जन्मले आणि १९१६ पासून हिंदू संघातून खेळू लागले. १९२६ च्या डिसेंबरात इंग्लंडहून आलेल्या एम.सी.सी. संघाविरुद्ध बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर त्यांनी १५३ धावा काढल्या, त्यांत ११ षटकार होते. पुढे त्याच मैदानावर १५ डिसेंबर १९३३ रोजी आपल्या देशातला पहिला कसोटी सामना सुरू झाला. भारताचे कर्णधार नायडूच होते. ज्या जिमखान्याच्या पटांगणावर ते संघ घेऊन उतरले, त्याचे सभासद त्यांना होता आले नसते. दुसऱ्या डावात लाला अमरनाथ यांनी ११८ आणि नायडूंनी ६७ धावा काढल्या. सामना इंग्लंडने नऊ गडी राखून जिंकला. पोलोचे घोडे हटवा म्हणून केलेल्या त्या अर्जाला तेव्हा बावन्न वर्षे झाली होती.